बरुआसागरच्या बांधावर एक दीर्घिका

झाशीहून परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "किल्ला पाहिलात ना?" पाहिला. दोनदा. दोन्ही वेळा चालत्या रिक्षातून, आणि दुसऱ्या वेळी तर मांडीवर पितळी घंटा होती, त्यामुळे मान वळवायची सोय नव्हती. मग पुढचा प्रश्न येतो, "पाच दिवस तिथे केलंत तरी काय?" मी या प्रश्नाचीच वाट पाहत असतो. घसा साफ करतो, समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो आणि सांगतो: बरुआसागरच्या तलावाच्या बांधावर, भर सकाळी, मी एका दीर्घिकेच्या मध्यभागी उभा राहून घंटा वाजवली, आणि मोघेकाका नावाचे एक भारदस्त गृहस्थ, कागदोपत्री, तलावाच्या मधोमध उभे राहिले.

सांगलीची माणसं सभ्य आहेत. ती म्हणतात, "बसा, चहा घ्या." म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढतो.

मी दिवसा वीज कार्यालयात मीटरच्या तक्रारी ऐकतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांना प्रकाश देतो. माझी थोरली बहीण सुधाताई तीस वर्षांपूर्वी झाशीच्या गोऱ्यांकडे दिली. तिची मुलगी वैजू बंगळूरला ताऱ्या-बिऱ्यांच्या अभ्यासात डॉक्टर होऊ घातलेली. गेल्या थंडीत ताईचा फोन आला. "दिनू, वैजू घरी आली आहे. जेवत नाही, बोलत नाही, लॅपटॉपकडे बघत बसते. तू ये. तू आलास की घरात नाटक होतं, आणि नाटक झालं की ती हसते." भावाची एवढी जाहीर स्तुती ताईने आयुष्यात केली नव्हती. मी रजा टाकली.

शुक्रवार : स्टेशन आणि घर

प्रवास वगळतो, प्रवासात सगळ्यांना सारखंच होतं. फलाटावर मला घ्यायला ताईचे सासरे आले होते. अण्णा. वय शहात्तर, कानाला मफलर, पाठ फलाटाच्या खांबासारखी सरळ. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "बबिन्याला अकरा मिनिटं थांबवली तुमची गाडी."

"अण्णा, तुम्हाला कसं कळलं?"

"ललितपूर सुटल्यावर तुम्ही फोन केलात. आता इथे उतरलात. मधे एवढा वेळ कुठे जाणार? रस्त्यात उभं राहण्याजोगी दुसरी जागाच नाही."

अण्णा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. हे काम काय, हे मला त्यांनी रिक्षात समजावलं, आणि ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. खिडकी नसलेली एक खोली. समोर टेबलभर लांब कागद. कागदाच्या कडेला खालून वर स्टेशनांची नावं, आडव्या ओळीत वेळ. प्रत्येक स्टेशनवरून, मधल्या प्रत्येक चौकीवरून फोन येतो: अमुक गाडी इतक्या वाजता गेली. कंट्रोलर तिथे टिंब देतो, टिंबं जोडतो, आणि तिरक्या रेघेवरून त्याला दिसतं की गाडी आत्ता कुठे आहे, किती वेगात आहे, कोणाला कुठे बाजूला घ्यायचं. सबंध नोकरीत अण्णांनी हजारो गाड्या चालवल्या, थांबवल्या, एकमेकींच्या पुढे काढल्या, आणि कामावर असताना त्यातली एकही डोळ्यांनी पाहिली नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी कपाटावरून कागदाची एक गुंडाळी काढली. नोकरीतल्या शेवटच्या दिवसाचा तक्ता. साहेबांनी आठवण म्हणून दिलेला. शेकडो तिरक्या रेघा, सगळ्या पेन्सिलीच्या, एकही खोडलेली नाही. खालच्या कोपऱ्यात त्यांची सही, आणि तिच्यावर दोन शब्द: चार्ज दिला.

"पाळी बदलताना जाणाऱ्याने लिहायचं 'चार्ज दिला'," अण्णा म्हणाले. "येणाऱ्याने त्याखाली लिहायचं 'चार्ज घेतला'. ते लिहीपर्यंत जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही."

खालची ओळ रिकामी होती.

"दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर आला," ते म्हणाले. "तो सही करत नाही." आणि गुंडाळी परत वर गेली.

जेवायला ताईने वरणफळं केली होती. झाशीत मराठी ऐकताना मला नेहमी मजा वाटते. एकाच वाक्यात ताई "रोवळीतले तांदूळ" म्हणते, जो शब्द सांगलीत आता कोणी उच्चारत नाही, आणि लगेच "भैयाजी, दूध किधर रख दिया?" असं दारातल्या दूधवाल्याला ओरडते, तेही त्याच दमात. वैजूचं मराठी आणखी वेगळं. ती म्हणते, "मामा, मला सगळं समझतं. बोलायला जाते तर मधे हिंदी घुसते."

"घुसू दे. तू काय शोधते आहेस ते सांग. मी प्रकाशवाला आहे, उजेडाचं मला कळतं."

ती पहिल्यांदा जराशी हसली. मग वरणफळांच्या ताटावर तिने सांगितलं ते असं: काही दीर्घिकांच्या, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या, पोटात भलंमोठं कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती गरगरणारा तप्त पदार्थ झगमगतो, आणि ती झगमग सारखी नसते, कमी-जास्त होते. त्याच्या बाहेर वायूचे ढग असतात. आतला उजेड त्यांच्यावर पडला की तेही उजळतात, पण आपापल्या ठरलेल्या रंगांत.

"म्हणजे प्रत्येक वायूचा आपला, दिव्यापुढचा रंगीत जिलेटिनचा कागद," मी म्हणालो.

"हो, तसंच! आता ते इतकं दूर आहे की कुठल्याही दुर्बिणीतून एक ठिपका दिसतो. आतलं, बाहेरचं, सगळं एका ठिपक्यात. पण आतला उजेड वाढला, तर ढगांचा रंग लगेच वाढत नाही. उजेड तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. तो उशीर मोजला, की ढग किती दूर आहेत ते कळतं. मामा, जे दिसत नाही त्याचा नकाशा घड्याळाने काढायचा."

पंचवीस वर्षं मी डिमर वर-खाली केले, पण रंगमंचावर उजेड तत्क्षणी पोचतो. उजेडाला महिना लागेल असा रंगमंच!

अण्णा भात कालवत होते. वर न बघता म्हणाले, "म्हणजे तू ते पाहिलेलं नाहीस."

"कोणीच नाही पाहिलं, अण्णा."

"न पाहता नकाशा."

मला ठसका लागला. "अण्णा, हे तुम्ही म्हणताय?"

"आमच्या गाड्या होत्या," अण्णा म्हणाले. "त्यातून माणसं उतरत होती. तुम्ही आज उतरलात."

वैजूचा चेहरा मिटला. नंतर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी ताईने मला खरी अडचण सांगितली. वैजूने तीन वर्षं एकाच दीर्घिकेचा माग काढला होता. उशीर निघाला तब्बल अर्ध्या वर्षाचा. मोठा, दिमाखदार आकडा. पण प्रबंध तपासणाऱ्याने लिहिलं होतं: एवढ्या साध्या दीर्घिकेत वायू इतका दूर असणं पटत नाही, कारण द्या, नाहीतर हे प्रकरण काढून टाका. उत्तर सोमवार संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. वैजूला आकडा चुकीचा वाटत होता, पण चूक सापडत नव्हती. गणित बरोबर, उत्तर अविश्वसनीय. प्रकरण गेलं म्हणजे तीन वर्षं गेली.

शनिवार : मानिक चौक

सकाळी वैजूला ओढून मानिक चौकात नेलं. तिथल्या गल्ल्यांत दोन माणसं शेजारून जाऊ शकतात, पण तिसरा स्कूटरवरून मधून जातोच. कढईतून निघालेली जिलबी दह्याबरोबर खाल्ली. आमच्याकडे जिलबी जेवणात, मठ्ठ्याशेजारी. इथे सकाळच्या न्याहारीला. पहिल्या घासाला मला ते आचरटपणाचं वाटलं. तिसऱ्या घासाला सांगलीची कीव आली.

दही पुसता पुसता मला ती कल्पना सुचली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, झाशीच्या मराठी मंडळाची बरुआसागरला सहल होती. चाळीसेक माणसं, सगळी रिकामी, सगळी उत्साही. मी म्हणालो, "वैजू, आपण दीर्घिका बसवू."

"म्हणजे?"

"नाटक बसवतात तशी. आणि नकाशा काढायला अण्णांना बसवू. पाठमोरे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताईने वचन दिल्याप्रमाणे ती हसली, तोंडात जिलबी असताना.

पितळी भांड्यांच्या दुकानात मी माझ्या नाटकी हिंदीत घंटा मागितली. दुकानदाराने विचारलं, "पूजा के लिए चाहिए कि स्कूल के लिए?"

"आकाशगंगा के लिए."

त्याने क्षणभरही विचार केला नाही. "तो बड़ी वाली ले जाइए."

घंटा, झांज आणि एक थाळी घेऊन आम्ही मंडळाचे सचिव मोघेकाका यांच्या घरी गेलो. मोघे म्हणजे झाशीच्या जुन्या घराण्यांपैकी. पूर्वज इथे कारभार बघायला आले ते राहिलेच. काका मापाने माझ्या दुप्पट आणि स्वभावाने लोण्यासारखे. सगळं ऐकून म्हणाले, "दिनकरजी, मंडळ आपल्या सेवेला हाजिर आहे. एकच अर्ज आहे. जेवणाला बाधा येता कामा नये."

अण्णांना राजी करणं सर्वांत सोपं गेलं. मी फक्त म्हणालो, "वैजू म्हणते, न बघता माणूस कुठे उभा आहे ते सांगणं आता तुम्हाला जमायचं नाही."

वैजू असलं काही म्हणाली नव्हती. अण्णांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

रविवार : बरुआसागर

टेंपोत मी पुढे, रामसेवक भैयांच्या शेजारी. हे टेंपोचे मालक आणि चालक. बरुआसागर जवळ आलं तशी आल्याची शेतं लागली. नुकत्याच काढलेल्या ओल्या आल्याचा वास टेंपोत भरला आणि मागच्या बाकावर कोणीतरी चहाची आठवण काढली. समोर तलाव, पलीकडे जुना किल्ला, आणि पाण्यावर इतकं स्वच्छ ऊन की माझ्यातल्या प्रकाशवाल्याने मनातल्या मनात टोपी काढली. असा उजेड देता येत नाही, तो मिळावा लागतो.

आता मांडणी ऐका. बांधावर एक पिंपळ. पिंपळाखाली मी, हातात घंटा. मी म्हणजे दीर्घिकेचा गाभा. ही भूमिका मी दुसऱ्या कोणाला दिली असती असं कृपया समजू नका. माझ्यापासून बांधावर माणसांची साखळी, हातात हात. घंटा वाजली की पहिल्याने एक श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याचा हात दाबायचा, दुसऱ्याने श्वास घेऊन तिसऱ्याचा. हा आमचा उजेड. शेवटच्याने हात दाबला गेला की वाजवायचं. हा आमचा वायू. आणि ऐंशीएक पावलांवर, आमच्याकडे पाठ करून, घडीच्या खुर्चीवर अण्णा. मफलर, मनगटी घड्याळ, मांडीवर पाट, पाटावर रेघांचा कागद. त्यांना फक्त आवाज ऐकू येणार. साखळी केवढी, शेवटी कोण, काही माहीत नाही. दहा माणसांना श्वास पोचवायला किती सेकंद लागतात, एवढं आधी मोजून दिलं होतं.

"आणि मामा, एका तालात नाही वाजवायचं," वैजूने बजावलं. "सारख्या अंतराने वाजवशील तर कुठला जवाब कुठल्या ठोक्याचा, ते समझणार नाही. दीर्घिका बेताल असते, म्हणूनच तिचं काही कळतं."

पहिला प्रयोग लहान साखळीचा. शेवटी ताई, थाळी घेऊन. मी घंटा वाजवली. ठण्ण! श्वास निघाला. साखळीतल्या दोन वहिनींना गुदगुल्या झाल्या, एक जण श्वास घ्यायचा विसरला, आणि तरीही थाळी वाजली. पुन्हा घंटा. थांबून पुन्हा. लगोलग दोनदा. दहा-बारा ठोक्यांनंतर अण्णांनी हात वर केला आणि मान न वळवता ओरडले, "सहावा माणूस!"

सगळ्यांनी ताईपर्यंत मोजलं. सहावी.

काय टाळ्या पडल्या! रामसेवक भैया टेंपोच्या टपावर बसून बघत होते. तिथून म्हणाले, "काय भैया, जे का हो रओ है? बब्बा के पीछे सें आँखें हैं का?"

दुसरा प्रयोग मोठ्या साखळीचा. टोकाला झांज घेऊन मोघेकाका. आणि इथे झाशीच्या मराठी मंडळाने असं काही केलं, जे जगातलं कुठलंही शास्त्रमंडळ करणार नाही. मी लगोलग चार ठोके दिले असतील, त्यातल्या एकाचाही श्वास टोकाला पोचला नव्हता, तोवर आचाऱ्याने कढईत पहिली जिलबी सोडली. वारा आमच्या दिशेचा. मोघेकाकांनी झांज खाली ठेवली, शेजारच्या वहिनींचा हात अदबीने सोडला आणि ते चालू लागले. वहिनी हवेत हात दाबत राहिल्या. "अहो, माझ्या पुढे कोणीच नाही!" मग वहिनीही गेल्या. मग साखळी टोकाकडून विरघळत विरघळत माझ्यापर्यंत आली, आणि मी गाभा असलो तरी शेवटी माणूस आहे.

पाचेक मिनिटं झाली असतील. बोटं चाटत सगळे परतले, हात पुन्हा धरले गेले (आता जास्त चिकटले), मी पुन्हा घंटा सुरू केली, टोकाकडून झांज वाजू लागली. अण्णा खुर्चीवरच होते, पाठमोरे, पेन्सिल कागदावर. त्यांना जिलबी द्यायची कोणालाच सुचलं नाही. आणि काही सांगायचंही नाही.

अण्णांनी हात वर केला. कागदावरची टिंबं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "तीनशे चाळिसावा."

साखळीत माणसं होती सगळी मिळून एकोणीस.

अण्णा उठले, वळले. बांधाकडे पाहिलं, पिंपळापासून पावलं मनातल्या मनात मोजली. तीसेक माणसांच्या अंतरावर बांध वळत होता आणि पुढे सरळ रेषेत पाणीच पाणी. त्यांनी तलावाच्या मध्याकडे पेन्सिल रोखली. "मोघे तिथे उभे आहेत."

"मैं तो यहाँ हूँ जी!" काकांनी झांज उंच धरली. हसण्याचा असा गडगडाट झाला की पाण्यावरचे बगळे उडाले. रामसेवक भैया टपावर आडवे झाले. "अरे कक्का तौ ताल में हैं! कोऊ निकारो!"

अण्णा मात्र हसत नव्हते. त्यांनी कागद हातात घेतला आणि माझ्याकडे आले. "मधे काय झालं?"

"मधे... जिलबी झाली, अण्णा."

"किती वेळ?"

"पाचेक मिनिटं."

आणि अण्णा कडाडले. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "चौकी बंद केलीत आणि कंट्रोलला कळवलं नाही? चार ठोक्यांचा जवाब आला नाही, मी वाट बघत बसलो. मग झांज वाजली, मी ती त्याच चार ठोक्यांना लावली. लावणारच! मला काय माहीत मधे चौकीवर कोणी नव्हतं? अहो दिनकरराव, पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला. बंद चौकीवरून रेघ ओढायची नाही! तिथे कागद तोडायचा. उघडल्यावर नवा कागद, नवी रेघ!"

मी माफी मागणार, एवढ्यात माझ्या बाहीला कोणीतरी घट्ट धरलं. वैजू. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अण्णा, परत सांगा."

"काय?"

"शेवटचं. जे आत्ता म्हणालात."

"बंद चौकीवरून रेघ ओढायची नाही."

"पावसाचे महिने," वैजू म्हणाली. मग मराठी सुटलं आणि ती एका दमात हिंदीत बोलत राहिली. तिची वेधशाळा दर वर्षी पावसाळ्यात बंद असते. ढग. दोन-चार दिवस नाही, महिनेच्या महिने. तिच्या तीन वर्षांच्या मोजणीत अशी रिकामी भगदाडं होती, आणि तिने तिन्ही वर्षांची मिळून एकच रेघ ओढली होती. गाभ्याच्या उजेडाची एक वळवळती रेघ, वायूच्या रंगाची दुसरी. दुसरी मागे-पुढे सरकवत न्यायची आणि कुठे जुळते ते बघायचं. अर्ध्या वर्षाने सरकवली की जुळायची. का जुळायची? कारण तेवढी सरकवली की वायूची बहुतेक टिंबं नेमकी बंद महिन्यांवर जाऊन पडत होती, जिथे गाभ्याचं एकही टिंब नव्हतं.

"मामा, तिथे विरोध करायलाच कोणी नाही! रिकाम्या जागेशी कोण भांडणार?" ती आता हसत होती आणि डोळे पुसत होती. "माझा वायू अर्ध्या वर्षावर नाहीच आहे. मी त्याला तलावात उभं केलं!"

अण्णांनी कागद खाली केला. तिच्याकडे बघितलं. राग कुठे गेला ते मला दिसलंच नाही.

"मग कागद तोड," ते म्हणाले.

आम्ही आधी आमचा तोडला. जिलबीनंतरचा तुकडा वेगळा घेऊन अण्णा परत पाठमोरे बसले. दोन मिनिटांत आवाज आला, "एकोणिसावा!" मोघेकाकांनी झांज अशी वाजवली की आचारी धावत आला. त्याच्या हातातली पहिली ताटली मी स्वतः अण्णांना नेऊन दिली.

सोमवार : घराची फरशी

सोमवारी सकाळी न्याहारीआधीच वैजूने पुढच्या खोलीतलं सतरंजीवरचं सगळं बाजूला केलं. कॉम्प्युटरवर ती हे पाच मिनिटांत करू शकली असती, केलंही, पण अण्णा म्हणाले, "मला दाखव." म्हणून ट्रेसिंग कागद आला. तीन वर्षांचे तीन वेगळे तुकडे, प्रत्येकाचे दोन कागद: खाली गाभा, वर वायू. अण्णा फरशीवर मांडी घालून बसले, नाकावर चष्मा, आणि वरचा कागद एकेक दिवसाने सरकवू लागले.

पहिल्या वर्षाच्या कागदावर चढाला चढ, उताराला उतार बसला तेव्हा सरकवलेलं अंतर होतं बावीस दिवस. वैजू श्वास रोखून बसली होती. तिला भीती एवढीच की हा योगायोग निघेल.

"गाडीचा उशीर असेल तर रोज तोच दिसेल," अण्णा म्हणाले. "कागदाचा असेल तर जोडल्यावरच दिसेल." आणि दुसरं वर्ष घेतलं.

बावीस. तिसऱ्या वर्षी एकवीस. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बावीस धरायला हरकत नाही."

मी टाळी वाजवली, ताई पोहे टाकून आली, आणि एवढ्यावर आम्ही जिंकलो असं मी जाहीर करणार, तर वैजू उठून आणखी तीन कागद घेऊन आली. हे हायड्रोजनचं झालं, ती म्हणाली. हेलियमचाही रंग तिने मोजला होता. पण तो इतका फिका की मोठ्या आकड्याशी कधी जुळला नव्हता, म्हणून तिने बाजूला टाकलेला. अण्णांनी सरकवायला सुरुवात केली. आठवडाही पुरा सरकला नाही, आणि कागद बसला. तिन्ही वर्षी.

"हा आधी जवाब देतो," अण्णा म्हणाले.

"कारण हा आत आहे!" वैजू ओरडली. "हेलियम आत, हायड्रोजन बाहेर. अण्णा, एक ढग नाही, थर आहेत थर! कांद्यासारखे!"

"म्हणजे एक मेल, एक मालगाडी."

"नाही अण्णा. गाडी एकच. उजेड. स्टेशनं दोन."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. शिष्याने चूक दुरुस्त केली की गुरूला जे होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ सरळ उमटलं होतं. "बरोबर," ते म्हणाले. "गाडी एकच."

दिमाखदार आकडा गेला होता. त्याच्या जागी एक लहान आकडा होता आणि त्याहून लहान एक; पण दोन्ही मिळून जे कोणी पाहिलेलं नाही त्याच्या आतली रचना सांगत होते. दुपारी चारला वैजूने उत्तर पाठवलं. त्यात तिने चूक कुठे झाली हे एका वाक्यात लिहिलं होतं, मी ते वाचून दाखवायला सांगितलं: बंद काळावरून रेघ ओढली गेली होती. बरुआसागरचा उल्लेख नव्हता. शास्त्रज्ञांचं हे मला कधीच पटत नाही.

त्या रात्री ती तीन वाट्या भात जेवली. ताईने मोजल्या.

मंगळवार : खुर्ची

माझी गाडी दुपारी होती. सकाळी मोघेकाका निरोपाला आले, हातात आल्याची पिशवी, बरुआसागरची. "दिनकरजी, सगळ्या झाशीत मला तलाववाले काका म्हणायला लागले आहेत जी," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले आणि खुशीत चार पोळ्या खाल्ल्या.

अकराच्या सुमाराला वैजूचा फोन वाजला. तिचे सर होते. ती उभी राहून ऐकत होती. "जी सर. जी. जी सर." आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे, रंगमंचावरच्या शेवटच्या प्रवेशाकडे बघावं तसे. फोन ठेवून ती म्हणाली, "प्रकरण राहिलं. तपासणाऱ्यालाही पटलं. सर म्हणतात, थरांचं हे आधीपेक्षा चांगलं आहे. आणि विचारत होते, कागद तोडून बघायची ही युक्ती कोणाची?"

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, झाशी कंट्रोल."

अण्णा खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला कपाटावरची ती गुंडाळी काढायला सांगितली. मी टेबलावर उलगडली, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून वैजूपुढे धरली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, आपल्या सहीच्या खाली, जिथे इतकी वर्षं कोणी काही लिहिलं नव्हतं.

वैजूचं मराठी अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं आहे. ती शाळेत ते शिकलीच नाही. जीभ दातांत धरून, हळूहळू, तिने लिहिलं: चार्ज घेतला. मग घड्याळ बघून वेळ लिहिली आणि सही केली.

अण्णांनी वाकून वाचलं. वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली. मग खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले.

"चला दिनकरराव," ते म्हणाले. "आता उठतो."